नेत्सुके, ओजिमे आणि आपला बटवा

तंजावरहून बोलतोय. आजचा विषय दोन जपानी वस्तूंचा आहे, त्यामुळे नावं आधी सांगून टाकतो. एक नेत्सुके, दुसरी ओजिमे. नेत्सुके म्हणजे सुपारीएवढा किंवा थोडा मोठा, कोरीव काम केलेला खुंटा. ओजिमे म्हणजे दोरीवर सरकणारा मणी. दोन्ही मिळून एकच काम करत: कमरेला लटकवलेली पिशवी किंवा डबी पडू द्यायची नाही, आणि तिचं तोंड उघडू द्यायचं नाही.

तंजावरात बसलेला निवृत्त फौजी हे काय घेऊन बसला, असं तुम्हाला वाटेल. कारणं दोन. पहिलं, फौजेतल्या माणसाचं अर्धं आयुष्य अंगावर सामान बांधण्यात जातं. पाण्याची बाटली, दारूगोळ्याची पाकिटं, शिट्टी, नकाशाची पिशवी, पिस्तूल, सगळं अंगाला बांधायचं, हात मोकळे ठेवायचे आणि धावताना काही पडू द्यायचं नाही. दुसरं कारण आमच्या तंजावरच्या मराठी घरांतल्या पेट्यांमध्ये आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी जपानकडे जाऊ.

किमोनोला खिसा नसतो. बायका बाहीच्या झोळात लहानसहान वस्तू ठेवत. पुरुष कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे ओबीला, सामान लटकवत. अशा लटकत्या सामानाला तिथे सागेमोनो म्हणतात. त्यात तंबाखूची पिशवी असे, पैशांचा बटवा असे, दौत-लेखणीची जोडनळी असे आणि इनरो असे. इनरो म्हणजे एकावर एक बसणाऱ्या लहान कप्प्यांची चपटी डबी, साधारण तळहाताएवढी. सुरुवातीला तिच्यात शिक्के ठेवत, पुढे औषधं ठेवू लागले. आपल्या जेवणाच्या डब्याचे थर डोळ्यांपुढे आणा आणि ते खेळण्याएवढे करा, म्हणजे इनरो झाली. जपानी दूरचित्रवाणीवर 'मितो कोमोन' नावाची मालिका १९६९ पासून २०११ पर्यंत चालली. तिच्यात एक साधासुधा दिसणारा म्हातारा गावोगाव फिरतो आणि शेवटी त्याचा सोबती इनरो पुढे धरतो. तिच्यावरचं तोकुगावा घराण्याचं चिन्ह पाहून सगळे जमिनीवर डोकं टेकवतात. लटकत्या डबीला केवढा मान होता, ते यावरून कळतं.

आता बांधणी नीट समजून घेऊ. खरी गंमत तिथेच आहे.

इनरोच्या दोन्ही बाजूंना उभ्या नळ्या असतात. रेशमी दोरी एका बाजूने खाली जाते, तळाखालून वळसा घेते आणि दुसऱ्या बाजूने वर येते. वर आलेली दोन्ही टोकं एका मण्यातून जातात. हा ओजिमे. 'ओ' म्हणजे दोरी आणि 'शिमे' म्हणजे आवळणे. मणी खाली सरकवला की सगळे कप्पे एकमेकांवर घट्ट बसतात. वर सरकवला की दोरी सैल होते आणि हवा तो कप्पा उघडता येतो. मण्याच्या वर दोरी नेत्सुकेच्या दोन भोकांतून जाते आणि तिथे पक्की गाठ बसते. या भोकांना हिमोतोशी म्हणतात. त्यांतलं एक भोक बहुधा थोडं मोठं असतं, कारण गाठ त्याच्यात लपवायची असते. मग नेत्सुके पट्ट्याच्या खालून वर काढायचा. तो पट्ट्याच्या वरच्या काठावर अडकून बसतो आणि डबी खाली लटकते. 'ने' म्हणजे मूळ, 'त्सुके' म्हणजे जोडणे.

आपल्या भाषेत सांगायचं तर वर निरगाठ आणि खाली सुरगाठ. वरचं कधी सुटायला नको आणि खालचं हवं तेव्हा सुटायला हवं. या दोन गरजांसाठी जपान्यांनी दोन वेगळ्या वस्तू केल्या. फौजेतल्या पट्ट्यांची रचनाही अशीच असते. रायफलच्या पट्ट्यावर एक कडी सरकते, शिट्टीच्या दोरीवर विणलेली गाठ सरकते, जंगलात घालायच्या टोपीच्या हनुवटीखालच्या दोरीवर गुंडी सरकते. आजकालच्या पाठपिशवीच्या दोरीवर स्प्रिंगची प्लास्टिकची चिमटी असते ना, ती दाबून सरकवायची, तीही ओजिमेच. काम तेच, फक्त कला निघून गेली.

नेत्सुके कोरणाऱ्याला चार अटी पाळाव्या लागत. वस्तू इतकी मोठी हवी की पट्ट्यातून निसटणार नाही. इतकी लहान हवी की बसताना पोटाला टोचणार नाही. टोकदार भाग असता कामा नये, नाहीतर रेशमी बाहीत अडकून कापड फाटेल. आणि चारी बाजूंनी, खालूनसुद्धा, कोरलेली हवी, कारण ती हातात फिरवून पाहिली जाते. म्हणून कोरलेला उंदीर शेपटी अंगाभोवती गुंडाळून बसलेला असतो, कुत्रा पाय पोटाशी घेऊन झोपलेला असतो, माकड गुडघे छातीशी धरून असतं. ती ऐट नव्हे, ती गरज आहे. अडचणीतून सौंदर्य कसं निघतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

प्रकारही बरेच आहेत. चहूबाजूंनी कोरलेली आकृती म्हणजे काताबोरी. तिथल्या गोल मिठाईसारखा चपटा गोल तो मांजू. वाटीला धातूचं नक्षीदार झाकण बसवलं की कागामिबुता. पट्ट्यात उभी खोचायची लांब काडी ती साशी. साहित्य म्हणाल तर बॉक्सवूडचं चिवट लाकूड, सांबराचं शिंग, हस्तिदंत, अक्रोड, चिनी माती, धातू. ओजिमेला पोवळं, अकीक, काच, लाख, चांदी, काहीही चाले. मणी बहुतेक इंचापेक्षा लहान, आणि त्या एवढ्याशा जागेत कारागीर संपूर्ण गोष्ट कोरत.

हा छंद एवढा का वाढला? तोकुगावांच्या राजवटीत, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, समाजाची उतरंड पक्की होती. व्यापाऱ्याकडे पैसा होता, पण तो मिरवायला बंदी होती. कपडा कसला घालायचा, घर केवढं बांधायचं, यावर हुकूम निघत. कमरेच्या मण्यावर कोण हुकूम काढणार? मग सगळी हौस तिथे उतरली. त्यात पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू आली. साध्या माणसाच्या कमरेलाही चिलीम आणि तंबाखूची पिशवी आली आणि पिशवी आली म्हणजे मणी आणि खुंटा आलाच. याच पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू आपल्या दख्खनमध्येही पोहोचली होती. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. एकाच पानाने दोन्ही देशांतल्या कमरा व्यापल्या.

इथे आमचा किनारा गोष्टीत येतो.

तंजावरच्या पूर्वेला नागपट्टणम आहे. १६५८ मध्ये डचांनी ते पोर्तुगीजांकडून घेतलं. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी, ज्यांना इथे एकोजी म्हणतात, तंजावरची गादी घेतली आणि १६७६ मध्ये त्यांनी डचांशी नागपट्टणमबद्दल करार केला. म्हणजे मराठी राजा आणि डच कंपनी हे शेजारी झाले. पुढे १६९० मध्ये नागपट्टणम हेच कोरोमंडल किनाऱ्यावरचं डचांचं मुख्य ठाणं झालं. आणि जपानने साऱ्या युरोपियनांना दारं लावली, तेव्हा एका डचांनाच नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या बेटावर राहू दिलं होतं, १६४१ पासून. या किनाऱ्याचं कापड बटाव्हियामार्गे जपानला जाई. जपानी भाषेत एका पट्टेरी सुती कापडाला 'सांतोमे' म्हणतात. हे नाव आलं मद्रासजवळच्या साओ तोमेवरून, म्हणजे आजच्या मैलापूरवरून. आपल्याकडच्या छापील कापडाला ते 'सारासा' म्हणत. हे कापड तिथे इतकं मोलाचं की त्याचे लहान लहान तुकडे जपून ठेवत आणि त्यांच्या तंबाखूच्या पिशव्या, चहाच्या भांड्यांची आवरणं शिवत.

याहून गमतीची गोष्ट 'इनदेन'ची. यामानाशी भागात हरणाच्या कातड्यावर लाखेने नक्षी काढून बटवे आणि पिशव्या करतात. त्याला कोशू इनदेन म्हणतात. हे काम करणारं एक घराणं स्वतःची सुरुवात १५८२ पासून सांगतं. 'इनदेन' या नावाचा उगम 'भारतातून आलेलं' असा सांगतात. म्हणजे जपानी माणूस कमरेच्या बटव्याला आपल्या देशाचं नाव देऊन बसला आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

मण्यांची वाट तर याहून जुनी आहे. पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू आहे, इथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर. १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे उत्खनन केलं. व्हीलर ब्रिगेडिअर होते आणि त्या वेळी भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक. फौजी माणसाने खंदक शिस्तीत खणला तर काय सापडतं, ते त्यांनी दाखवलं. रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या. काचेचे बारीक मणी तिथे शतकानुशतकं होत असत. काचेची लांब नळी ओढायची आणि तिचे तुकडे करायचे, अशी ती रीत. या जातकुळीचे मणी आग्नेय आशियात, कोरियात आणि जपानमधल्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतही सापडतात. अभ्यासक त्यांना 'इंडो-पॅसिफिक' मणी म्हणतात. आंध्रमधल्या पापनायडूपेटमध्ये ही रीत आपल्या काळापर्यंत टिकली. ओजिमेचा जन्म व्हायच्या आधी हजार-दीड हजार वर्षं या किनाऱ्याचे मणी जपानी माणसाच्या गळ्यात होते.

आता प्रश्न असा की कापड आमचं, मणी आमचा, पिशवीचं नावही आमच्याकडून गेलेलं. मग आपल्याकडे नेत्सुके का झाला नाही?

याचं उत्तर मी कपड्यांत शोधतो. आपल्याकडेही खिसा नव्हता. 'खिसा' हा शब्दच बाहेरून आला. फारसी-अरबीत 'कीसा' म्हणजे पिशवी. आधी ती हातात किंवा कमरेला होती, मग शिंप्याने ती कपड्याला शिवली आणि खिसा झाला. त्याआधी आपला माणूस पैसा कुठे ठेवी, ते भाषेला विचारा. भाषा सांगते: कनवटीला, पदरात, ओटीत, गाठीला. पदरमोड करतो, पदरचे पैसे घालतो, चार पैसे गाठीला बांधतो, अनुभवसुद्धा गाठीशी असतो. यात कुठेही पिशवी नाही. कपडाच पिशवी आहे. धोतराचा घोळ कमरेला पिरगाळून खोचला की झाली कनवट. तमिळ बायका लुगड्याच्या टोकाला, म्हणजे 'मुंदानै'ला, गाठ मारून नाणी ठेवतात. तिथेही तेच.

दुसरं कारण याहून मोठं आहे, आणि ते म्हणजे करगोटा. आपल्याकडे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत पुरुषाच्या कमरेला दोरा असतो. तमिळमध्ये त्याला 'अरैञाण कयिरु' म्हणतात. दोरा कमरेभोवती पूर्ण फिरलेला असला की त्याला लटकवलेली वस्तू निसटूच शकत नाही, मग अडकवायला खुंटा कशाला? ज्यांच्या गळ्यात जानवं त्यांनी पेटीची किल्ली जानव्यालाच बांधली. आमच्या वाड्यातले वडीलधारे अंगणातून गेले की किल्ल्यांचा आवाज आधी येई. जपान्याचा पट्टा कपड्यावरून गुंडाळलेला, त्याला खुंट्याची गरज होती. आपला दोरा अंगालाच बांधलेला, म्हणून आपल्याकडे ती जागाच रिकामी राहिली नाही.

मणी आणि सरकती गाठ मात्र आपल्याकडे भरपूर. अंगरख्याला बंद, बाराबंदीला तर नावाप्रमाणे बारा बंद. ठुशीच्या मागे दोरा असतो आणि त्यावर सरकता गोंडा. तो सरकवला की ठुशी गळ्याला घट्ट बसते. आपल्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओजिमे वापरला आहे, फक्त मानेच्या मागे, कुणाला न दिसता. बटव्याच्या दोन दोऱ्या दोन बाजूंनी ओढल्या की तोंड मिटतं आणि टोकांचे गोंडे किंवा मणी दोरी आत जाऊ देत नाहीत. पैशांसाठी कसा असे, लांबट, कमरेभोवती बांधायचा. आणि पान खाणाऱ्याची चंची. तिला पानांना एक कप्पा, सुपारीला एक, कात आणि चुन्याच्या डबीला एक. गुंडाळायची आणि तिच्याच बंदाने बांधायची. इनरोचे कप्पे आणि चंचीचे कप्पे, विचार एकच. एक लाखेचा, दुसरा खादीचा.

मग आपली कलाकुसर गेली कुठे? ती अडकित्त्यात गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभं केलं आणि पुढे महाराष्ट्र सरकारच्या हाती दिलं. तिथले अडकित्ते पाहा. पोपट आहेत, घोडे आहेत, माणसं आहेत. जपान्याने उंदीर खुंट्यावर कोरला, आपण पोपट अडकित्त्यावर बसवला. इकडे तंजावर भागात पान म्हणजे कावेरीच्या खोऱ्याचं धन. कुंभकोणमच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या घरांत पानाची पितळी पेटी असते, तिला 'वेट्रिलै चेल्लम' म्हणतात. 'चेल्लम' म्हणजे लाडकं बाळसुद्धा. पानाच्या पेटीला बाळाचं नाव देणारे आम्ही लोक, आम्हाला वस्तूंवर प्रेम करता येत नाही असं कोण म्हणेल?

मग उणं कुठे पडलं? लिहून ठेवण्यात.

१७८१ मध्ये ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू यांनी 'सोकेन किशो' नावाचा सात भागांचा ग्रंथ छापला. ते तलवारीच्या साजाचे व्यापारी आणि ग्रंथही मुख्यतः त्याच विषयाचा. पण त्यात त्यांनी पन्नासहून अधिक नेत्सुके कोरणाऱ्यांची नावं दिली आणि कामांची चित्रंही दिली. मासानाओ, तोमोतादा, ओकातोमो ही नावं आपल्याला कळतात, कारण एका दुकानदाराला वाटलं की कारागीर कोण हे नोंदवलं पाहिजे. योगायोग पाहा, त्याच १७८१ मध्ये इंग्रजांनी डचांकडून नागपट्टणम घेतलं. इकडे राज्यं बदलत होती आणि तिकडे एक माणूस बसून खुंटे कोरणाऱ्यांची यादी करत होता. ती यादी आजही उपयोगी पडते.

पुढे जपानवरही वेळ आली. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी झाली. तलवारीच्या मुठीचा साज करणारे धातुकामगार ओजिमे आणि नेत्सुकेची झाकणं करू लागले. पण पाश्चात्त्य कपडे आले, कपड्यांना खिसे आले, चिलमीच्या जागी सिगारेट आली. कमरेला लटकवायला काही उरलं नाही. मग नेत्सुके जहाजांत भरून युरोपला गेले. पॅरिसमध्ये शार्ल एफ्रुसी यांनी असे २६४ नेत्सुके घेतले. ते पुढे व्हिएन्नाच्या नातेवाइकांकडे गेले. १९३८ मध्ये नाझींनी त्या ज्यू कुटुंबाचं घर लुटलं, पण घरातल्या ॲना नावाच्या मोलकरणीने ते खुंटे थोडे थोडे करून आपल्या गादीत लपवले आणि युद्धानंतर परत दिले. एडमंड द वाल यांनी २०१० मध्ये या संग्रहावर पुस्तक लिहिलं. त्यात सांगितलं आहे की ॲनाचं आडनाव घरच्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. वस्तू वाचली, वाचवणारीचं पूर्ण नाव मात्र गेलं. हे वाक्य मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आता आपल्या घराकडे यायचं आहे.

तंजावरचं मराठी राज्य १८५५ मध्ये संपलं. पण माणसं राहिली. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत, मोडी कागद आहेत. दप्तर राहिलं, कारण राजे सरफोजी यांच्यासारख्या माणसाने त्याची काळजी घेतली. पण चंचीची काळजी कोण घेणार?

मी इथल्याच मराठी घरात वाढलो. आजीच्या कमरेला नाण्यांची लहान पिशवी असे, तोंडाला दोरी, दोरीच्या टोकांना दोन तांबडे मणी. घरात आम्ही मराठी बोलत होतो, पण त्या पिशवीला म्हणत होतो 'सुरुक्कुपै'. तमिळमध्ये सुरुक्कु म्हणजे आवळणं, पै म्हणजे पिशवी. 'बटवा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, साताऱ्याकडच्या एका सुभेदारसाहेबांच्या तोंडून. त्यांच्याकडे चंचीही होती. मी त्यांना विचारलं, "साहेब, याला काय म्हणता?" ते हसले. म्हणाले, "मराठी माणूस आन्‌ चंची ठावं न्हाई?" मला राग आला नाही. वस्तू तंजावरात होती आणि तिचं मराठी नाव बेळगावात होतं, मध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर पडलं होतं, एवढंच.

पण आता नाव नाही आणि वस्तूही नाही, अशी वेळ आली आहे. आमच्या पश्चिम राजवीथीच्या आसपासची जुनी घरं विकली जात आहेत. मुलं चेन्नईला, बंगळुरूला, अमेरिकेत. घर रिकामं करायला चार दिवस मिळतात. पितळ किलोवर जातं, लाकूड वखारीत जातं, कापड चुलीत जातं. गेल्या वर्षी एका ओळखीच्या घरी मी बसलो होतो. जुन्या वस्तू घेणारा माणूस आला. पानाची पेटी त्याने तराजूत टाकली आणि आतली चंची काढून बाजूला फेकली, कारण तिला वजन नव्हतं. ती मी मागून घेतली. लाल खारव्याची, चार कप्प्यांची, बंदाच्या टोकाला काचेचा एक निळा मणी. कुणी शिवली, कुणी वापरली, तो मणी कुठला, हे सांगणारं त्या घरात कुणी उरलं नव्हतं. माझ्याकडे आज चंची आहे, गोष्ट नाही.

ही स्थिती फक्त तंजावरची नाही. बडोद्याला, इंदूरला, ग्वाल्हेरला, हैदराबादला, बेळगावला, कारवारला जिथे मराठी घरं आहेत, तिथे हेच चाललं आहे. महाराष्ट्रातही चाललं आहे. म्हणून इनाबा त्सूर्यूचं काम आपण करायचं आहे. फौजेच्या रीतीने चार सूचना देतो.

एक. घरातली एक जुनी पेटी या महिन्यात उघडा आणि लटकवायच्या, बांधायच्या, अडकवायच्या वस्तू वेगळ्या काढा. बटवा, कसा, चंची, चुन्याची डबी, तपकिरीची डबी, किल्ल्यांची साखळी, अडकित्ता, ठुशीचा गोंडा. धुऊ नका, घासू नका, चकाकी आणू नका. कोरड्या मऊ कापडाने धूळ तेवढी पुसा.

दोन. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. बांधलेली स्थिती एक आणि सोडलेली स्थिती एक. गाठ कशी आहे, ते दिसलं पाहिजे. गाठ एकदा सोडली आणि तशीच पुन्हा मारता आली नाही, तर ती कायमची गेली.

तीन. नाव लिहा. पुस्तकातलं नाव नको, तुमच्या घरात म्हणतात ते. तमिळ असेल तर तमिळ, कन्नड असेल तर कन्नड. भागांची नावंही लिहा. कुणी शिवली, कुणी वापरली, ते विचारा. आत्या, मावशी, काकू असतील तर आजच फोन करा. बाई असेल तर तिचं माहेरचं नावही लिहा, नाहीतर ॲनाचं झालं तसं होईल.

चार. कायदा जाणून घ्या. वस्तू हस्तिदंती असेल तर ती कितीही जुनी असो, तिची खरेदी-विक्री करता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या लागू होतात. घरात अशी वस्तू निघाली तर वनखात्याकडे रीतसर चौकशी करा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावशेषांचा वेगळा कायदा आहे, तोही १९७२ चाच. अशी वस्तू परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा. ठेवायला जागा नसेल तर किलोवर देण्याआधी जवळच्या संग्रहालयाला विचारा.

मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात चिनी आणि जपानी कलेचं दालन आहे. मुलांना घेऊन जा आणि लहान वस्तूंपाशी जास्त वेळ थांबा. मोठ्या मूर्ती राजे घडवून घेतात. माणूस रोज सकाळी उठून काय कमरेला बांधत होता आणि ते पडू नये म्हणून त्याने काय युक्ती केली, हे लहान वस्तूच सांगतात.

माझ्याकडच्या त्या चंचीची नोंद मी केली आहे. सापडली तो महिना, रस्ता, कापड, कप्पे, मोजमाप, निळा मणी. 'कुणाची' या रकान्यापुढची जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्या पेटीतल्या वस्तूंपुढची ती जागा भरायला अजून माणसं आहेत. त्यांना विचारा.

जय हिंद.